बोलीला हसायचं की बोलीत हसायचं?



आज टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल बोलायचं आहे. मी नाटकातला माणूस नाही, समीक्षक तर नाहीच. निवृत्त फौजी आहे, रात्री जेवणानंतर वेळ असतो आणि आमच्या घरी त्या वेळेला रिमोट माझ्या नातीच्या हातात असतो. त्यामुळे हे कार्यक्रम मी भरपूर पाहिलेत, आवडीनं पाहिलेत. पण मागच्या हिवाळ्यात घरात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मी ते जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. आधी ती गोष्ट सांगतो.

आम्ही सिकंदराबादला राहतो. नात नऊ वर्षांची. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला तेलुगू आणि हिंदी. मराठी फक्त घरात, आणि घराबाहेरची मराठी म्हणाल तर ती टीव्हीवरची. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ तिला पाठ आहे. वऱ्हाडी, आगरी, मालवणी, कोल्हापुरी अशा बोली असतात हे तिला तिथूनच कळलं. बाहेरच्या राज्यांत राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असंच असेल. मला याचं कौतुकच वाटायचं.

मग आमच्या विहीणबाई आल्या, पंधरा दिवसांसाठी. अमरावतीजवळच्या खेड्यातल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी नातीला विचारलं, “काय करून राह्यली वं पोरी?” नात खो खो हसली. “आजी, परत बोल ना! तू टीव्हीतल्यासारखं बोलतेस!” आजी हसल्या, परत बोलल्या. खरं सांगतो, मीही हसलो. तिसऱ्या दिवशी नातीनं खालच्या दोन मैत्रिणींना वर आणलं, आजीचं बोलणं ऐकवायला. त्या मुलींना मराठी येत नाही. नात हसली म्हणून त्याही हसल्या.

चौथ्या दिवसापासून विहीणबाई पुस्तकातल्यासारखं बोलायला लागल्या. “माझे जेवण झाले आहे.” “मी थोडा वेळ पडते.” आणि एकूणच कमी बोलायला लागल्या. सूनबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्या मला इतकंच म्हणाल्या, “बाबा, मी पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा महिन्याभरात माझं बोलणं असंच बदललं होतं.”

नातीच्या मनात काही वाईट नव्हतं. टीव्हीवर एखादा माणूस अशी बोली बोलला की लोक हसतात, एवढं तिनं पाहिलं होतं. म्हणजे ही बोली हसण्यासाठीच असते, असा तिनं सरळ हिशेब केला. तर प्रश्न असा, की हा हिशेब तिला कुणी शिकवला? सगळ्याच विनोदी कार्यक्रमांनी? की काहींनीच? आणि फरक ओळखायचा कसा?

मंचावर बोली इतकी का येते?

आधी कलावंतांची अडचण समजून घेऊ. छोटं प्रहसन, ज्याला हल्ली सगळे स्किट म्हणतात, ते दहा-पंधरा मिनिटांत संपतं. नाटकात पात्राची ओळख करून द्यायला अख्खा पहिला प्रवेश मिळतो, इथे पंधरा सेकंद मिळतात. माणूस मंचावर आला की तो कोण, कुठला, काय लायकीचा, हे प्रेक्षकाला तत्क्षणी कळलं पाहिजे. मग हाताशी काय असतं? कपडे, चाल आणि बोली. त्यात बोली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद. एक ‘काऊन’ म्हटलं की वऱ्हाड उभं राहतं, एक ‘गो’ म्हटलं की कोकण.

दुसरी गोष्ट म्हणजे मागणीचा रेटा. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ ही मालिका २००४ साली सुरू झाली आणि पहिल्या फेरीत तिचे साधारण सत्तर भाग झाले. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २८ जुलै २००८ पासून चालू आहे आणि तिचे भाग चार हजारांच्या पुढे गेलेत. सत्तर भाग लिहिणारा प्रत्येक वाक्य घासून घेऊ शकतो. रोजचा रतीब घालणाऱ्याला ठरावीक साचे लागतात, ठरावीक पालुपदं लागतात. हा आळस म्हणायचा तर म्हणा, पण आठवड्याला इतके भाग द्यायचे म्हटल्यावर कुणाचंही असंच होईल.

तिसरी गोष्ट म्हणजे उसनं हसू. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञानं हसण्याचे तुकडे साठवून हवे तिथे वाजवणारं यंत्र तयार केलं. तिथून ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे आता यंत्राच्या जोडीला समोर बसलेले परीक्षक आणि पाहुणे असतात. ते हसले की कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि घरी बसलेल्याला कळतं, इथे हसायचं. मोठ्या माणसाला निवड करता येते. नऊ वर्षांच्या मुलीसाठी मात्र तो धडा असतो. कुठल्या गोष्टीवर हसतात, ते ती तिथून शिकते.

बड्या खान्याची शिकवण

आता थोडं फौजेबद्दल, कारण या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला तिथे मिळालं होतं. तेव्हा ते नीट कळलं नव्हतं, एवढंच.

पलटणीत ‘बडा खाना’ असतो. सगळ्या हुद्द्यांचे लोक एकत्र जेवतात आणि जेवणाबरोबर जवानांचा करमणुकीचा कार्यक्रम होतो. त्यात साहेबांच्या नकला करायला पूर्ण मुभा असते. मी नवा लेफ्टनंट होतो तेव्हा माझी हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. एकदा पाऊस पडून गेल्यावर मी तुकडीला म्हणालो होतो, “इधर मत बैठो, ज़मीन ओली है.” ‘ओली’ म्हणजे काय, कुणालाच कळेना. त्या वर्षीच्या बड्या खान्यात एक जवान माझी टोपी तिरकी घालून आला आणि प्रत्येक वस्तूला हात लावून “ओली है, ओली है” म्हणत फिरला. अख्खी पलटण लोळली. कमांडिंग ऑफिसर रुमालानं डोळे पुसत होते. मीही हसलो. मला काही लागलं नाही.

पुढच्या वर्षी त्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे आली. आधी सगळी प्रहसनं सुभेदार मेजर साहेबांना दाखवायची पद्धत होती. त्यात एक प्रहसन एका नव्या रंगरुटाच्या बोलण्यावर होतं. पोरगा दूरच्या डोंगरी गावातला, काही अक्षरं त्याच्या तोंडून वेगळीच यायची. नक्कल झकास होती. सुभेदार मेजर साहेबांनी ती काढून टाकली. मी म्हणालो, मागच्या वर्षी माझी केली तेव्हा चाललं की! ते म्हणाले, “साहब, आपकी नकल रात को ख़तम हो गई थी. इसकी नकल कल सुबह लाइन में भी चलेगी.”

मंडळी, विनोद तपासायचा याहून चांगला प्रश्न मला आजवर सापडलेला नाही. हा विनोद उद्या सकाळी कुठे जाणार? ज्याच्यावर हसलो, त्याच्या हातात जर सत्ता असेल, मान असेल, उत्तर द्यायची सोय असेल, तर विनोद तिथेच संपतो. नसेल, तर तो त्या माणसाच्या मागे मागे जातो.

आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. त्याची भाषा गावरान, पण तो खेचायचा कुणाची? राजाची, कोतवालाची. बोली त्याची होती आणि ज्याची फजिती व्हायची तो दुसरा होता. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ ज्यांनी दादा कोंडक्यांचं पाहिलं असेल, त्यांना वेगळं सांगायला नको.

वाक्य बदलून बघा

दुसरी एक कसोटी मी स्वतः वापरायला लागलोय, तुम्हीही करून बघा. एखाद्या बोलीतल्या वाक्यावर हसू आलं की तेच वाक्य मनातल्या मनात साध्या पुस्तकी मराठीत म्हणायचं. तरीही त्यात काही मजा उरली, म्हणजे त्या माणसाचा चतुरपणा, लबाडी, हट्ट, भाबडेपणा उरला, तर विनोद त्या प्रसंगात आहे. काहीच उरलं नाही, तर आपण त्या माणसाच्या जिभेला हसलो.

तुम्ही म्हणाल, बोलीची लय, तिचा ठसका बदलल्यावर मजा कमी होणारच. होणारच, मान्य आहे. पण कमी होणं वेगळं आणि शून्य होणं वेगळं.

‘वस्त्रहरण’ घ्या. गंगाराम गवाणकरांचं नाटक, १९८० साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. अख्खं नाटक मालवणीत. पण विषय काय? गावातली मंडळी महाभारतातला प्रसंग उभा करायला निघालीत आणि जागोजागी घोळ होतोय. हा घोळ कुठल्याही भाषेत हसवेल. शिवाय तिथे सगळेच मालवणी बोलतात, त्यामुळे मालवणी बोलणारा कुणी ‘वेगळा’ दिसत नाही. बोली तिथे हवेसारखी असते. उलट चार जण पुस्तकी मराठी बोलतायत आणि एकटाच गडी, रखवालदार किंवा कामवाली बोलीत बोलते, असं प्रहसन असेल तर सावध व्हावं. तिथे बोली ही त्या माणसाच्या गळ्यात अडकवलेली पाटी झालेली असते.

या चाळणीतून आजचे काही कलावंत घालू.

भारत गणेशपुरे. ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, तेव्हापासून त्यांची वऱ्हाडी महाराष्ट्राबाहेरही पोचली. त्यांच्याकडे नीट बघा. चेहरा थंड, वाक्य सावकाश, घाई समोरच्याला. ते विदर्भातले, त्यामुळे बोली घरची आहे, मंचासाठी चढवलेली नाही. आणि हसू येतं ते त्यांच्या निर्विकारपणामुळे. समोरचा शहाणा माणूस तावातावानं बोलत असतो आणि हे दोन शब्दांत त्याची हवा काढतात. वाक्य पुस्तकी करून पाहा, हवा तरीही जाते.

गौरव मोरे. ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ हे त्यांचं बिरुद. पवईतली ही वस्ती त्यांची स्वतःची. वस्तीतलं बोलणं, वस्तीतला रुबाब ते मंचावर घेऊन येतात, पण त्यात लाज नाही. आपल्या जागेचं नाव असं मिरवणाऱ्या माणसाला हसताना आपण त्याच्या बाजूनं हसतो.

प्रभाकर मोरेंचा कोकणी माणूस आणि अरुण कदमांचा ‘दादूस’ यांत मात्र मला दोन्ही सापडतं. लेखन चांगलं असेल त्या दिवशी तो माणूस जिवंत असतो, त्याला काहीतरी हवं असतं आणि ते मिळवायची त्याची धडपड असते. लेखन ढिलं असेल त्या दिवशी नुसता हेल उरतो. यात दोष नटाचा नाही. नट दोन्ही दिवशी तेवढीच मेहनत करतो.

आणि समीर चौघुले. यांच्यासाठी कसोटी उलटी करा, आवाज पूर्ण बंद करून बघा. खांदे, मान, डोळे, अर्धवट उचललेला हात, सगळं बोलत असतं. विशाखा सुभेदारांबरोबरची त्यांची जुनी प्रहसनं अशी पाहिलीत तर लक्षात येईल, की दोघंही तो प्रसंग अगदी गंभीरपणे जगतात. हसवायला आलोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नसतं. मला विचाराल तर उत्तम विनोदी नटाची हीच खूण.

भिडे मास्तर आणि अय्यर

आपण बाहेरच्या राज्यांतले मराठी लोक. आपल्या शेजाऱ्यांना मराठी माणूस म्हणून कोण माहीत असतो? बहुतेक वेळा आत्माराम तुकाराम भिडे. शिकवण्या घेणारा, पैसा जपून वापरणारा, सखाराम नावाची स्कूटर सांभाळणारा, ‘हमारे ज़माने में’ म्हणून सुरू होणारा गोकुळधामचा ‘एकमेव सेक्रेटरी’. मलाही इथे लोक गमतीनं ‘भिडे साहब’ म्हणतात.

याचा मला राग का येत नाही, याचा मी विचार केला. एक तर मंदार चांदवडकर हे मराठी घरातून आलेत, त्यांचा भिडे आतून ओळखीचा आहे. दुसरं, भिड्याला स्वतःची मतं आहेत, मान आहे, माधवीचा लोणची-पापडाचा उद्योग आहे, सोसायटीत त्याचं चालतं. त्याची फजिती होते तशी जेठालालचीही होते. पाळी प्रत्येकाची येते. या मालिकेचं मूळ तारक मेहतांच्या ‘चित्रलेखा’तल्या गुजराती सदरात आहे आणि तिच्यातला गुजराती माणूसच सर्वांत जास्त तोंडघशी पडतो. स्वतःला आधी हसणाऱ्याला दुसऱ्याला हसायचा हक्क मिळतो.

आता त्याच सोसायटीतले अय्यर बघा. ते काम करणारे तनुज महाशब्दे मध्य प्रदेशातल्या मराठी घरातले. म्हणजे तमिळ माणसाचं सोंग आपल्यातल्याच एकानं घेतलंय. काम ते मन लावून करतात. पण माझ्या इमारतीत एक तमिळ गृहस्थ आहेत, त्यांना मी विचारलं. ते हसून म्हणाले, “कर्नल साब, हमारे यहाँ ऐसे कोई नहीं बोलता.” हसून म्हणाले खरे, पण पुढे विषय वाढवला नाही. भिडे मास्तरांबद्दल मी जेवढं बोलतो, तेवढं ते अय्यरबद्दल बोलत नाहीत. आतून आलेलं पात्र आणि बाहेरून चढवलेलं पात्र यांतला फरक मला त्या गप्प बसण्यातून कळला.

आम्हा हैदराबादकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या दखनी बोलीत आपला ‘च’ आहे, ‘वैसाइच’, ‘मैंइच’ म्हणतात ते आपलंच देणं. पण हिंदी पडद्यावर दखनी आली की बहुतेक वेळा ती हसवायलाच आलेली असते.

उद्या सकाळचा हिशेब

बोलीचं झालं, पण सुभेदार मेजर साहेबांचा प्रश्न बोलीपुरता नाही. कपिल शर्मांचे कार्यक्रम २०१३ पासून आपण पाहतोय. माणूस हजरजबाबी आहे, पाहुण्याला बोलतं करण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. पण सुमोना चक्रवर्ती त्यांच्या बायकोचं काम करायच्या तेव्हा तिच्या ओठांवर किती वर्षं विनोद झाले, आठवून बघा. कसोटी लावा. त्या विनोदात प्रसंग नाही, स्वभाव नाही, फक्त एक चेहरा आहे.

त्याच कार्यक्रमात अली असगर ‘दादी’ व्हायचे. मी पोट धरून हसलोय. २०२२ साली एका नृत्यस्पर्धेच्या मंचावर त्यांच्या मुलांनी सांगितलं, की वडिलांच्या त्या कामावरून शाळेत त्यांना चिडवलं जायचं. बघा, रात्रीचा विनोद सकाळी शाळेत पोचला होता. पुरुषानं साडी नेसणं ही आपल्या रंगभूमीची जुनी रीत आहे, बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला ते नवं नाही. पण नुसती साडी हाच विनोद झाला, की तो बाईच्याही वाट्याला जातो आणि नटाच्याही.

हे सगळं टाळून टीव्हीवर काही करता येतं का? येतं. ‘चला हवा येऊ द्या’मध्येच सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगतापांची पत्रं वाचायचे. हसून लोळणारा प्रेक्षक दोन मिनिटांत डोळे पुसायचा. तोच मंच, तेच नट, तोच प्रेक्षक. म्हणजे ताकद आहे. ती रोज वापरायला लेखकाला वेळ आणि मोबदला मिळायला हवा, आणि आपणही जिभेला हसणं थोडं कमी करायला हवं.

घरी पुढे काय झालं

आम्ही नातीला रागावलो नाही. रागावलो असतो तर तिनं मराठी कार्यक्रमच सोडले असते आणि ते मला परवडणारं नाही. आम्ही एवढंच केलं, की त्या रात्री विहीणबाईंना आग्रहानं टीव्हीसमोर मधल्या खुर्चीवर बसवलं आणि नातीला म्हणालो, आज परीक्षक आजी.

एक प्रहसन झालं, त्यात कुणीतरी वऱ्हाडी बोलत होतं. समोरचे परीक्षक हसत होते. विहीणबाई शांत. मग म्हणाल्या, “हे वऱ्हाडी नोहे. असं कोनी नाही बोलत आमच्याकडं.” नातीनं विचारलं, मग कसं बोलतात? त्यांनी सांगितलं. नंतर भारत गणेशपुरेंचं एक जुनं प्रहसन लावलं. त्यावर त्या इतक्या हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला. “ह्ये बरोबर हाय. आमच्या गावचा पाटील असाच बोलते.” नात एकदा टीव्हीकडे, एकदा आजीकडे बघत होती. आपण ज्याला हसत होतो ते खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे आजीला कळतं आणि आपल्याला कळत नाही, ही गोष्ट तिला नवी होती.

उरलेल्या दिवसांत विहीणबाई पूर्वीसारख्या बोलायला लागल्या का? थोड्या. सगळ्या नाही. एकदा आवरून ठेवलेली बोली माणूस इतक्या लवकर बाहेर काढत नाही. पण आता फोनवर त्या विचारतात, “जेवली का वं?” आणि नात म्हणते, “जेवली न वं आजी.” ती नक्कल करते की उत्तर देते, मी कान देऊन ऐकतो, पण मला नक्की सांगता येत नाही. हसत मात्र कुणी नाही.

तर मंडळी, विनोदी कार्यक्रम जरूर बघा. बाहेरच्या राज्यांत वाढणाऱ्या मुलांना मराठीचे इतके रंग दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? फक्त अधूनमधून ती बोली बोलणारं माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलंय असं समजून बघा. आणि घरात असं माणूस खरंच असेल, तर त्यालाच मधली खुर्ची द्या.

जय हिंद.